बाईच्या फ्रान्सच्या पऱ्या

"हुंकार दे रे. हुंकार थांबला का गोष्ट बी थांबली." आमच्या जमीनदाराच्या बाई गोष्टीआधी दर खेपी असंच म्हनत. मी त्यायचा गाडीवान. बैल माह्यापेक्षा हुशार, म्हून गाडी तेच चालवत. माह्यं खरं काम एकच, गोष्टीत मंधामंधात 'हूं' म्हनाचं.

मालक मेले, जमीनदारी सरकारनं घेतली, तरी संध्याकाळी गावच्या बाया बाईच्या ओसरीवर जमतच. नागपूरच्या शाळेतून उठवून बाईचं लगन लावलं होतं. संग एक जाडं पुस्तक आलं होतं, फ्रान्स देशाचं. मले वाटे, फ्रान्स सिरोंच्याच्या पल्याड असंन.

"तिथी जुन्या काळी मोठ्या घरच्या बाया बैठक भरवत अन् परीच्या गोष्टी रचत."

"काऊन बाई? कामधंदा नोता?" मी इचारलं.

"तोंड उघडाची सोय नोती. बापानं म्हाताऱ्याले देल्लं तरी गप राहा. मंग जे सोता बोलता येत नाई, ते परीच्या तोंडून बोलत."

जमीनदारी गेली त्याच साली मी माही पोरगी चामोर्शीच्या एका धानगिरनीवाल्याले देल्ली. दोन बायका मेलेला, तोंडात दात नाई. पन त्यानं मले 'पाटील' म्हटलं! जल्मात मले कोनी पाटील म्हटलं नोतं. तेवढ्यावरच मी सोयरीक पक्की करून मोकळा.

दुसऱ्या रोजी बाईनं गोष्ट काढली. एक राजा. बोळका राक्षस येऊन त्याले 'महाराजाधिराज' म्हनते, अन् राजा फुगून पोरगी देते. मी पोट धरून हासलो. "काय येडा राजा हाये, बाई!"

पाह्यतो तं बाकी कोनीच हासत नाई. कोपऱ्यात माही पोरगी, मान खाली घालून.

"मंग परी आली," बाई म्हने. "म्हने, पोरी, तुह्यं तू सांग. पोरगी बोलली, 'मी नाई जात.'"

अन् बाई थांबल्या. साऱ्या बाया माह्याकडं पाहून राह्यल्या. आता 'हूं' म्हनाची पाळी माही होती.

"काऊन रे? गोष्ट इथीच मारतं का?"

"हूं," मी म्हटलं. "हूं, बाई. नाई जात ते."

सकाळी चामोर्शीले जाऊन सोयरीक मोडली. गिरनीवाल्यानं छत्रीनं झोडपलं. ह्या खेपी पाटील नाई म्हटलं.

दोन वर्सानं पोरीनं सोता पाह्यलेल्या पोराशी लगन ठरलं. जावई माह्याइतकाच बावळा, पन तिनं पाह्यला! बाई तवा नोत्या. उन्हाळ्यात तापानं गेल्या. असत्या तं पयल्या रांगेत बसल्या असत्या.

भटजी म्हने, "कन्यादान कोन करते?" मी ऐटीत उठलो, धोतरात पाय अडकून तोंडावर पडलो.

पोरगी म्हने, "बसा बाबा. मी का दानाची वस्तू हावो? मी माही चालली."

मी खाली पडल्यापडल्याच वरडलो, "माही पोरगी हाये ते!"