शालूचं सासर, साळवेंची मोपेड

रिपोर्टरकडे दोन प्रकारचा माल साठतो, छापलेला आणि न छापलेला. छापलेला दुसऱ्या दिवशी शिळा होतो. न छापलेला मुरत जातो. एक काढायला जावं तर मागून चार येतात. दिंडोरी रोडवरच्या एका कॉन्व्हेंटबद्दल, म्हणजे नन्सच्या मठाबद्दल, मी उभ्या आयुष्यात एक ओळ छापली नाही. गेलो होतो मात्र बातमी ठोकायलाच!

आमच्या शेजारचे फिलिप साळवे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. त्यांची एकुलती एक शालू बी.कॉम. झाली आणि जेवताना म्हणाली, "पप्पा, मला सिस्टर व्हायचंय." साळवे ताटावरून उठले ते थेट माझ्या दारात. "तू पत्रकार ना? पोरीला फूस लावलीय त्या कॉन्व्हेंटवाल्यांनी. छाप!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रक्त गरम. मी स्कूटरला किक मारली.

दार उघडलं सिस्टर बेनेडिक्टांनी. त्या तिथल्या सुपिरियर, म्हणजे घरातल्या मोठ्या. मूळच्या मंगलोरच्या, पण मराठी दिंडोरीच्या बाजारात भाजी घेता घेता शिकलेल्या.

"पोरींना फूस लावता?" मी दारातच सुरू झालो.

"फूस? अहो, आलेल्या निम्म्या मीच घरी पाठवते. तुमच्या शालूलापण सांगितलं, आधी दोन वर्षं नोकरी कर, मग बघू. लय रागावली माझ्यावर. तुम्ही जरा समजावा ना तिला!"

भांडायला गेलेला माणूस निरोप्या होऊन परत आला!

*

ती दोन वर्षं शालू मोपेडवरून शाळेत शिकवायला जायची. तेवढ्यात साळवेंनी स्थळांचा धडाका लावला. एक पार्टी पुण्याची. पोहे झाले. मुलाच्या आईने विचारलं, "कसं घर हवंय गं तुला?"

शालू खाली मान घालून म्हणाली, "पहाटे उठून प्रार्थना करायची, सगळ्यांचं करायचं, पगार घरात द्यायचा आणि मोठ्यांना विचारल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही."

"अगं बाई! अगदी अशीच सून शोधतोय आम्ही!"

पाहुणे गेल्यावर साळवे हवेत. शालू कपबश्या गोळा करत म्हणाली, "पप्पा, मी कॉन्व्हेंटचं सांगत होते. आणि तिथे निदान सासू बदलते, काही वर्षांनी!"

*

मग साळवे हट्टाला पेटले. "तिकडेच द्यायची तर आधी स्थळ बघणार!" देवळ्याहून त्यांची बहीण आली, शालूची आत्या. साक्षीला मी.

आत्याने विहिरीत डोकावून पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, कांद्याच्या टोपलीत हात घातला. "ओला कांदा हे. टिकायचा नाय. पोर काय खाईल?"

सिस्टर बेनेडिक्टांनी टोपली जागेवर सरकवली. "झालं? आता आमची पाळी. मुलगी कशी हाय?"

साळवेंना संधीच मिळाली! "उशिरा उठते. पोळी करपवते. आणि उलट बोलते. आपण एक बोलावं, ती चार ऐकवते!"

"बरं झालं. आमच्याकडं सगळ्या गरीब गायी. एक तरी बोलणारी पाहिजे!"

निघताना साळवेंचा आवाज उतरला. "आणि परत यायचं म्हणाली तर?"

"साळवेसाहेब, कायमच्या व्रताच्या दिवशी बिशप तिचं नाव पुकारतील. तिनं स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यायचं, आलेय म्हणून. तोवर दार उघडंच हाय. अजून लय वर्षं हायेत."

हे शेवटचं वाक्य साळवेंनी गाठीला बांधलं. शालू गेली त्याच्या पुढच्या रविवारपासून ते तिची मोपेड पुसायला लागले, किक मारून बघायला लागले. "पोर परत आली तर बंद पडलेली नको!"

*

नाताळाला साळवेंनी पोरीसाठी निळा स्वेटर नेला. पुढच्या भेटीत तो स्वेटर एका म्हाताऱ्या सिस्टरच्या अंगात!

"इथं आपलं-तुपलं नसतं, पप्पा."

साळवे घरी येईपर्यंत धुमसत होते. पुढच्या नाताळाला त्यांनी सगळ्या सिस्टरांना तसाच निळा स्वेटर नेला. "आता बघू, कोण कोणाचा घालते!"

*

एकदा मीही तिला गाठलं. मी काय सोडतो? "कुठे राहायचं ते दुसरे ठरवणार, काय करायचं ते दुसरे ठरवणार. हे काय आयुष्य आहे, शालू?"

"काका, तुमची बातमी छापायची की नाही, कोण ठरवतं?"

"संपादक."

"मग तुम्ही भांडता?"

"रोज!"

"आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच जाता?"

"जातो."

"का हो?"

मी चहा मागितला.

*

एकविसावं शतक उजाडलं. सासू खरोखरच बदलली. सिस्टर बेनेडिक्टांची बदली सुरगाण्याला झाली. शालूच्या कायमच्या व्रताचा दिवस आला आणि त्या मात्र एसटीने हजर.

साळवे मोपेडवर आले. टाकी फुल्ल! मोपेड बरोबर चर्चच्या दारासमोर लावली, तोंड रस्त्याकडे. पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसले. किल्ली मुठीत.

"पत्रकार, आज शेवटचा चान्स."

बिशपांनी पुकारलं, "शालिनी साळवे."

शालू उभी राहिली. समोर माइक. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मागच्या बाकावर आत्या पुटपुटली, "नाय म्हणती का काय?" सिस्टर बेनेडिक्टांनी डोळे मिटून घेतले. मी साळवेंकडे पाहिलं. किल्ली धरलेली मूठ पांढरी पडली होती.

साळवे उभे राहिले.

"अगं, बोल की! माझ्याशी भांडताना बरा आवाज निघतो!"

शालू गर्रकन वळली आणि माइकमध्येच कडाडली, "देतेय ना उत्तर, पप्पा! थांबा की जरा!"

बिशप ओठ दाबून म्हणाले, "चालेल."