शनिवारचं पाणी

लँकेशायरमधल्या आमच्या गिरणीगावात पोहायच्या तलावाचं पाणी रविवारी बदलत. सोमवारी तळाच्या फरशा दिसायच्या, तेव्हा तिकीट महाग. शनिवारपर्यंत पाण्याचा चहा व्हायचा, मग गिरणीवाले स्वस्तात अंग धुऊन घ्यायचे. शर्यतीही शनिवारीच, कारण अर्धा दिवस सुट्टी तेवढी एकच.

माझा धाकटा भाऊ एनॉक त्याच पाण्यात पोहायला शिकला. गिरणीत तो जेबेझ ऑग्डनच्या हाताखाली तुटलेलं सूत जोडायचा. जेबेझला स्वतःला पोहता येत नव्हतं, पण एनॉकला शर्यतीत लोटलं त्यानंच. काठावरून ओरडायचाही तोच, "सूत जोडतोयस का रे गधड्या? थांबू नकोस!" हात मारायची नवी तऱ्हा एनॉकनं उचलली आणि आसपासच्या गावांत त्याला तोड उरली नाही.

१९०९ची ती शर्यत जिंकणारा लंडनला देशाच्या स्पर्धेत जाणार होता. शिट्टी मारून अंघोळवाल्यांना बाहेर काढलं. कोणी मोजलं नाही, कधीच मोजत नसत. त्या दिवशी जेबेझचा आवाज काही येईना. बसला असेल गुत्त्यात, असं मी मनात म्हटलं. पहिल्या वळणाला, उथळ टोकाशी, एनॉक जरा अडखळला. दुसऱ्यांदा तिथंच वळला तो असा सुटला की बाकीचे मागेच राहिले.

गळ्यात पदक पडतंय तोच जेबेझची बायको मार्था आत आली. तिच्या हातात त्याची टोपी होती.

"कपडे खुंटीलाच आहेत," ती म्हणाली. "आमचा माणूस कुठाय?"

सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. एनॉकनं कोणाकडे बघितलं नाही, पदकासकट उडी मारली. त्यानं जेबेझला वर काढलं ते बघून बायका किंचाळल्या. मी मात्र थिजले ते वेगळ्याच गोष्टीनं. तळ दिसत नव्हता, तरी माझ्या भावानं शोधलंच नाही. तो सरळ उथळ टोकाच्या कोपऱ्यात गेला.

"मला वाटलं, टॉवेल बुडालाय," ओल्या अंगानं तो मला म्हणाला. "पहिल्यांदा पाय घसरला, ताई. दुसऱ्यांदा ठाऊक होतं, म्हणून त्यावरच पाय रोवून रेटा दिला."

डॉक्टरांनी समजूत घातली, की जेबेझचं हृदय बंद पडलं होतं, तो आधीच गेला होता.

"आधी म्हणजे," एनॉकनं विचारलं, "कुठल्या वळणाआधी?"

डॉक्टर बॅग आवरत राहिले. लंडनला दुसऱ्या नंबरचा पोरगा गेला.