बसची यादी

खालापूरच्या आमच्या कारखान्यात बसची यादी करणारे एक कारकून आहेत. ते बोलतातही एक्सेलच्या फॉर्म्युल्यासारखे. चहा विचारला की म्हणतात, "आलं घातलं असंल तर घेतो, नायतर नको." सरळ 'हो' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

कामगाराचा नंबर टाकला की त्याची बस समोर यावी, म्हणून त्यांनी एक्सेलचा व्हीलुकअप फॉर्म्युला लावला होता. एकदा नव्याने लागलेल्या एका बाईंचा नंबर मूळ तक्त्यात चढवायचा राहिला. त्यात फॉर्म्युल्याच्या शेवटी 'फॉल्स', म्हणजे तंतोतंत तोच नंबर शोध, असं लिहायलाही ते विसरले होते. नंबर सापडेना, तेव्हा एक्सेलने बेधडक अलीकडच्या नंबरची बस देऊन टाकली. बाई पोशीरच्या, उतरल्या लोधिवलीला. तिथून त्यांनी रडवेल्या आवाजात फोन केला.

"ताई, तितंच थांबा. चूक माजी हाय," एवढंच हे बोलले. मोटारसायकल काढून गेले आणि बाईंना पोशीरला घरी सोडून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म्युला बदलला. नंबर सापडला तर बस दिसायची; नाही सापडला तर चौकटीत उमटायचं, 'थांबा, मी सोडतो.'

त्या आठवड्यात तिघांच्या नावापुढे ते उमटलं. तिघांनाही त्यांनी मुकाट्याने दारापर्यंत पोचवलं.

शनिवारी कोंडाण्याचा आमचा फिटर त्यांच्या टेबलाशी रेंगाळला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "भाऊ, तक्त्यातून माजा नंबर उडवता काय?"