जिना चढवत नाही

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत, खालच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. "ताई, कपाळाला काळं लागलंय," म्हणत मी रुमाल पुढे केला, तशी ती मागे सरकली.

"राहू द्या. चर्चमधली राख आहे. आजपासून आमचा उपवासकाळ."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी यायची. पर्सचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची, माझ्या शेजारच्या घराच्या खिडकीकडे बघत राहायची आणि निघून जायची. मलाच धाकधूक व्हायला लागली. शेवटी विचारलं.

"बहीण राहते वर. आई गेली तेव्हा तिला नको ते बोलले. मटण सोडणं सोपं आहे हो. हा जिना चढवत नाही."

गुड फ्रायडेला मी दारात चपला काढत होते, तेव्हा ती धापा टाकत वर आली आणि तिने शेजारची बेल दाबली. आत पावलं वाजली. दाराच्या भिंगातला उजेड झाकला गेला. कडी मात्र निघेना.

"पुन्हा वाजवा ना," मी म्हटलं.

तिने हात मागे घेतला. "बघू दे तिला. मीही इतके दिवस खालून नुसती बघतच होते."