स्वयंपाकघरातली दुसरी जोडी

पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. आई-बाबा दोघंही चळवळीतले, त्यामुळे आमच्याकडे मिठाच्या जागेवरूनही ठराव मांडला जायचा. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांनी हॉलमधल्या स्पीकरसाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला, तेव्हा माझा पहिला प्रश्न हक्काचाच होता.

"आईला स्वयंपाकघरात काय ऐकू येणार?"

"भिंतीतून तबला येतो की," बाबा म्हणाले.

नुसता तबला! आई नुकतीच निवृत्त झाली होती. रोज सकाळी एक राग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा, एवढंच तिनं ठरवलं होतं. मी पेटलेच. माझ्या खोलीतले स्पीकर उचलले, भिंतीच्या कडेनं वायर ओढली आणि ते ओट्याच्या वरच्या फळीवर बसवले. अ‍ॅम्प्लिफायरला दोन जोड्यांची सोय होतीच. बाबांनी दोन्ही बटणं दाबली.

आणि आलाप दोन्ही खोल्यांत एकदम! मी हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये नुसती धावत होते. द्रुत सुरू झाली, बाबांनी आवाज वाढवला, गायिकेची तान वर चढली आणि... टक्. सगळं गप्प.

पुन्हा लावलं. पुन्हा त्याच तानेला टक्.

मी अ‍ॅम्प्लिफायर फिरवून मोबाइलच्या उजेडात त्याची पाठ वाचली. दोन्ही जोड्या एकत्र चालवायच्या तर प्रत्येक स्पीकर किमान आठ ओहमचा हवा. आमचे सगळे चारचे! ओहम जितके कमी, तितकी वीज स्पीकर जास्त ओढतो. त्यात दोन जोड्या एकदम ओढत होत्या. जळू नये म्हणून अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच बंद पडत होता.

"बाबा, यानं संप केलाय! आणि मागणी रास्त आहे!"

"मग मान्य करा. एक जोडी काढा."

"कुठली?"

"अर्थात स्वयंपाकघरातली."

"अर्थात का?"

झालं, सभा तापली. मी समान हक्कांवर बोलत होते, बाबा स्टिरिओवर. तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी दारात आली.

"छान. म्हणजे मी जन्मभर ओट्यापाशीच उभी राहणार, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे तर."

आमच्यापेक्षा तो अ‍ॅम्प्लिफायर बरा, त्याची मागणी तरी रास्त होती.

आईनं हात धुतले आणि ती हॉलमधल्या दोन स्पीकरच्या बरोबर समोर असलेल्या, बाबांच्या खुर्चीत बसली. "अहो, थालीपीठ तव्यावर आहे. उलटायचंय."

बाबा गेले. खरंच गेले! मी दुसऱ्या जोडीची वायर काढली आणि राग पहिल्यापासून लावला. द्रुत आली, आवाज वाढवला, तान चढली. मी श्वास रोखून. तान वर, आणखी वर, आणि थेट समेवर! टक् नाही की काही नाही. आईचा हात मांडीवर पडला आणि ती डोळे मिटूनच हसली.

आतून बाबांचा आवाज आला, "अगं, जरा मोठं कर! इथे नुसता तबला येतोय!"

"तबलजी चांगला वाजवतोय की," आई म्हणाली.