वाचला तो माझा भाऊ, पण…

“अंदर की नस फटी है. कब से पीते हैं?” डॉक्टरांनी विचारलं.

मंदावहिनीच्या साडीवर दादाच्या रक्ताचे डाग होते. ती म्हणाली, “शादी के पहले से, डॉक्टर साहब.”

विलासदादा, माझा थोरला भाऊ. आम्ही मराठी, पण राहतो इकडे उत्तरेत. सकाळी मानिक चौकातलं दुकान उघडायला निघाला आणि दारातच त्याला रक्ताची उलटी झाली. दारूने यकृत कडक होतं, त्याला सिरॉसिस म्हणतात. मग रक्ताला वाट मिळत नाही, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घातली, आणि त्या शिरेला रबरी कडं आवळलं. रक्त चढत होतं. आम्ही बाहेर बाकावर.

नातेवाईक जमले. गुरसरायहून काकू आल्या. वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “घरात सुख मिळालं असतं, तर पुरुष कशाला प्याला असता?”

“काकू, ग्लास त्याच्या हातात होता, वहिनीच्या नाही,” मी म्हटलं. काकू रुसून दुसऱ्या बाकावर बसल्या. वहिनीने मान वर केली नाही. असलं तिने इतकं ऐकलं होतं, की माझ्या एका उत्तराने काय होणार होतं!

दोन दिवसांनी डॉक्टर बाहेर आले. “अब खतरा टल गया. पर फिर पी, तो हम भी नहीं बचा पाएँगे.”

सगळ्यांनी हात जोडले. वहिनी हुंदके देऊन रडायला लागली. आनंदाने रडतेय, असं सगळे म्हणाले. तोंड धुवायला मी तिला नळावर नेलं. तिथे ती म्हणाली, “वन्सं, वाचले म्हणाले आणि मला वाटलं, आता पुन्हा तेच सगळं. मी वाईट आहे का हो?”

माझा सख्खा भाऊ तो. त्याच्यासाठी मी देव पाण्यात ठेवले होते. तिचं बोलणं मला लागलं. तरी मी “नाही” म्हटलं, आणि ते खरं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी दादाला सांगितलं, “तू माझ्याकडे येतोयस.”

“बायको असताना बहिणीकडे? लोक काय म्हणतील?”

“तिला विश्रांती हवीय.”

रिक्षात तो मला वाटेल ते बोलला. अजूनही धड बोलत नाही. आज प्यालेला नाही. उद्याचं मी सांगत नाही.

माझ्या घरी त्याला भेटायला लोक फळं घेऊन येतात. तिच्याकडे कोणी फिरकत नाही. तुमच्या घरातला असा रोगी दवाखान्यात असेल, तर त्याच्या खाटेशी नर्स असते. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलेलीला आधी जेवू घाला. धीर धर, असं तिला सांगू नका. तिने तेवढंच केलेलं असतं.

काल वहिनीचा फोन आला. “वन्सं, आज दुपारी झोप लागली. गाढ.”

“दादाला पाठवू का घरी?”

ती म्हणाली, “नको. अजून नको.”

आतून दादा ओरडला, “ती कधी येणार न्यायला?”

मी फोन ठेवला आणि त्याची अळणी पेज त्याच्यापुढे नेऊन ठेवली.