ठकीची बोटं आणि गेरूचा बैल

मैत्रिणींनो, शाळा सुटल्या सुटल्या लिहायला बसले आहे. आज मला जरा मिरवायचंय!

आमच्या पोलादपूरच्या शाळेत डोंगरावरच्या वाडीतली पाच वर्षांची ठकी येते. पेन्सिल मुठीत धरायची, पाटीवर नुसते ओरखडे. म्हणून मी अक्षरं बाजूला ठेवली. जमिनीवर खडूने बैल काढून दिला. म्हटलं, काडी चिमटीत धर, गेरूत बुडव आणि रेघेच्या आत रंगव. तेव्हापासून ती रोज बैलच रंगवते.

मध्यंतरी तिचे वडील येऊन ओरडून गेले, "ह्यो काय अभ्यास हाय? त्यापरीस पोर गुरांमागं बरी!"

आज ते पुन्हा दारात दिसले. वाटलं, ठकीला न्यायलाच आले.

"बाई, काल हिनं वासराच्या कानातले गोचीड काढले. दोन बोटांत धरून, एकेक. माझ्या जाड बोटांना ते गावत नाय. वासरू हललं पन नाय!"

मग त्यांनी पाठीमागे लपलेली धाकटी पुढे केली. "हिला पन बैल रंगवाय बसवा."

ठकीला अजून एकही अक्षर काढता येत नाही. शाळा तपासणीला येणारे साहेब नेमकं तेच विचारणार. सांगा, त्यांना आधी वासराकडे घेऊन जाऊ का?